ध्रुव पुण्यापेक्षा दोन बोटं वर

तारे बघायला अकोल्याजवळच्या तेल्हाऱ्याहून पुण्याला जायचं म्हटल्यावर आमचे बाबा म्हणाले, "काहून? आपल्या इथले सरले का?"

गोष्ट साठच्या दशकातली. आम्हाला नववीत भूगोल शिकवणाऱ्या वानखडे मास्तरांनी कुठूनशी पुण्याच्या तारांगणाची बातमी काढली आणि ते हेडमास्तरांच्या मागे लागले. तडजोड अशी ठरली की आधी मुलगे जातील. मग शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येतील, तेव्हा त्यांना आकाशातला ध्रुव दाखवायचा. दाखवला तर मुलींची सहल, हुकला तर मुली घरीच. माझी चुलत बहीण शांता माझ्याच वर्गात होती आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. निघताना ती म्हणाली, "हुकला नं, तर मी तुयासंगं जन्मभर बोलनार नाई."

आता अकोल्याहून थेट पुण्याची गाडी मिळते, जरूर जा. आम्ही एसटीने अकोला, रेल्वेने मनमाड आणि तिथे गाडी बदलून पुणे, असे गेलो. शिदोरीला ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. शेजारच्या एका पुणेकर काकूंनी हौसेने ठेचा चाखला आणि दौंडपर्यंत आमच्याकडे बघितलं नाही.

तारांगण म्हणजे घुमटाची खोली, मधे यंत्र, भोवती खुर्च्या. दिवे गेले, तारे उगवले आणि आम्ही वीस-एकवीस जण खुर्च्या सोडून जमिनीवर आडवे झालो. ठरवून काहीच नव्हतं. उन्हाळाभर अंगणात झोपणारी पोरं आम्ही. तारे दिसले की पाठ टेकायची, एवढंच ठाऊक.

"मुलांना चक्कर आली का?" यंत्रावरचे गृहस्थ घाबरले.

"नाई जी," माझा मित्र गजानन म्हणाला. "उत्तर कोनीकडे हाये तेवढं सांगा. तिकडं डोकं करून झोपत नाईत."

त्यांनी ध्रुवावर प्रकाशाचा बाण टाकला. अंधारात सगळी पोरं सरपटत फिरली आणि पाय ध्रुवाकडे केले. मास्तर कपाळाला हात लावून बसले. पण वर्षभर फळ्यावर न उमगलेलं तेव्हा उमगलं: सगळे तारे सरकतात, पायाकडचा एक तेवढा हलत नाही. मग त्या गृहस्थांनाही चेव आला. यंत्र कलतं करून ते म्हणाले, "हे तुमच्या गावचं आकाश. उत्तरेला जावं तसा ध्रुव वर चढतो, जितका गावाचा अक्षांश तितका." गजाननने हात ताणून मोजलं. दोन बोटं.

तपासणीचे साहेब नेमके पुण्याचे निघाले. दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात त्यांनी ध्रुव विचारला आणि मुलांची सगळी रांग त्यांच्यासमोर आडवी झाली.

"उभं राहून सांगता येत नाही?" साहेबांनी मलाच विचारलं. समोर मुलींच्या घोळक्यातून शांता डोळे वटारून बघत होती. मी घाबरून पायाकडे बोट केलं आणि नको ते बोललो.

"थो पाहा, सायेब. पुन्यापेक्षा दोन बोटं वर हाये."

"ध्रुव सगळीकडे सारखाच असतो."

हेडमास्तरांनी मान खाली घातली. वानखडे मास्तर मात्र धावत जाऊन नकाशांचं पुस्तक घेऊन आले. साहेबांनी बॅटरीच्या उजेडात दोन्ही गावांचे अक्षांश पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग कोट सांभाळत ते माझ्या शेजारी आडवे झाले आणि त्यांनी हात ताणला.

"अडीच अंशांचा फरक. दोन नाही, दीड बोट," असं म्हणून त्यांनी पडल्या पडल्याच मुलींच्या सहलीच्या अर्जावर सही केली.

इतकी वर्षं झाली, पण आडवं झाल्याशिवाय मला अजून ध्रुव सापडत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. शांताने आभार वगैरे मानले नाहीत. घराकडे चालताना तिने फक्त विचारलं, "चादर घरून नेऊ, का तिकडंच भेटते?"