रूपाच्या ट्रेलरला जॅक कुठला?

आता माझ्याच शहाणपणाची गोष्ट तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका!

बडोद्याजवळ सावली नावाच्या गावात माझा मित्र रमणभाई राहतो. लग्नाच्या वरातीला घोडी देणं हा त्याचा धंदा. घोडीचं नाव रूपा. तिला न्यायला त्यानं यंदा स्वतःचा ट्रेलर बांधला आणि मला फोन केला. माझ्याशी तो हौसेनं मराठी बोलतो, म्हणजे त्याला ती मराठी वाटते, निम्मी असते गुजराती.

"साहेब, जॅक कुठला बसवू? हँडलवाळो सारो ने, चांगला ने?"

ट्रेलरचा पुढचा दांडा वर उचलल्याशिवाय तो जीपच्या हुकावर बसत नाही. उचलायचं काम जॅकचं. एक हातानं फिरवायचा, दुसरा बटण दाबलं की चालणारा. आणि विचारतोय कोणाला? नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात तीस वर्षं मेन्टेनन्स केलेल्या माणसाला!

"रमणभाई, हँडल फिरवायला आपण काय उसाचा रस काढतोय? इलेक्ट्रिक!"

"पण बगडला तर?"

"मी बसवल्यावर? बिघडेल?"

शनिवारी जाऊन मी स्वतः बसवला. खाली पेटी, पेटीत बॅटरी आणि तिचा मेन स्विच. दहा वेळा वर, दहा वेळा खाली. रमणभाईनं हात जोडले. मी त्याच भरात बहिणीला शब्द देऊन टाकला, "तुझ्या मुलाच्या वरातीला रूपा पाच म्हणजे पाचला दारात!"

रविवारी वरात. तीन वाजता मी रेशमी कुर्ता घालून रमणभाईकडे हजर, कौतुक करून घ्यायला. रूपा नटूनथटून ट्रेलरमध्ये चढलेली, जीप तयार. मी ऐटीत बटण दाबलं.

काही नाही! पुन्हा दाबलं. चूं नाही की चां नाही.

"कोणीतरी हात लावलाय," मी कडाडलो. "नवीन मशीनला घरातलं कोणीही हात लावतं, मग असं होतं! शिस्त म्हणून नाही!" चांगली दहा मिनिटं मी सगळ्या घराला शिस्त शिकवली. रमणभाई बिचारा मान खाली घालून ऐकत होता. मान खाली होती म्हणून त्याला पेटी दिसली.

"साहेब, आ ताळुं कोणे मार्युं?"

पेटीला लाल कुलूप. कुलपाला चिठ्ठी. 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' अक्षर माझं, खाली सही माझी!

अहो, कारखान्याचा नियमच तो. काम करताना आधी वीज तोडायची, आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. तीस वर्षांची सवय! शनिवारी निघताना हातानं आपलं काम करून टाकलं, डोक्याला कळवलंच नाही. आणि वीज गेली तर वापरायचं हँडल? ते मी नीट, व्यवस्थित, पेटीच्या आत ठेवलेलं!

बायकोला फोन लावला. "अगं, माझ्या कामाच्या पँटच्या खिशात किल्ली आहे, कोणाकडून तरी पाठव!"

"घराला कुलूप आहे, मी हॉलवर आहे. आणि घोडी कुठंय? ताई आत्तापासूनच दारात उभ्या आहेत!"

रमणभाईनं हातोडा उचलला. आणि मी, ऐका हं, मी आडवा आलो! "थांब! दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नाही, नियम आहे!"

"बीजानुं क्यां छे, साहेब? तमारुं ज छे!"

मग मीच घातला घाव. कुलूप मी निवडलेलं, अस्सल! हातोड्याचा दांडा तुटला, कुलपाला ओरखडा नाही.

शेवटी रूपाला खाली उतरवलं. शेजारचे सहा जण बोलावले, सातवा मी. रेशमी कुर्त्याला ग्रीस फासून ट्रेलरचा दांडा हातांनी उचलला आणि हुकावर बसवला. रूपा पुन्हा चढेना, तिला गूळ दाखवून चढवली. बडोद्यात पोचलो तेव्हा पावणेसहा. भाचा फेटा बांधून उन्हात घाम पुसत होता. बहीण पदरानं त्याला वारा घालत होती. खरंच वाईट वाटलं मला.

दुसऱ्याच आठवड्यात रमणभाईनं जॅक बदलला. हँडलचा! मी बघायला गेलो, तर मोठ्या प्रेमानं फिरवून दाखवला.

"यात बॅटरी नाय, स्विच नाय. आणि सगळ्यात सारी वात काय, माहीत छे साहेब? तुम्हाला ताळुं मारायला जागा ज नथी!"