आमची आंबील सांगलीला जाऊन आली

चैत्रात आमच्या वाडीत देवीपुढं आंबील असते. वाडी रहिमतपुरापासून बैलगाडीच्या वाटेवर. नकाशात शोधू नका, सापडायची नाही. आंबील ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवायचं, शिजवायचं, गार करायचं, वर लसूण-जिरं घालायचं. उन्हात पोट थंड राहतं, आणि जास्त प्यालात तर बसल्या जागी डुलकी लागते. त्या दिवशी प्रत्येक घरचं एक मडकं देवळापुढच्या चिंचेखाली येतं. आपल्या मडक्यातलं आपण प्यायचं नाही, दुसऱ्याचं प्यायचं. पहिली वाटी संपली की त्या बाईच्या तोंडावर तिच्या आंबिलीची खोड काढायची. खोड काढली नाही तर दुसरी वाटी मिळत नाही. देवीची तशी रीतच आहे.

हे सगळं उचलून सांगलीला न्यायचं, असं माझ्या धाकट्या दिरानं काढलं. ते पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेत आणि हुकूम द्यायला कुणी नाही म्हणून बेचैन असतात. त्यांचंही अगदी चूक नव्हतं. दुष्काळानंतर बरीच घरं पोटासाठी बाहेर गेली, चिंचेखालची मडकी दरसाल कमी होत होती.

"सांगलीत माझ्या वळखीचं हळदीचं अडतं हाईत," सुभेदार म्हणाले. "अंगण देतो म्हंत्यात. मांडव, कर्णा, हजार माणूस. हितं काय, चिंच आनि मुंग्या."

बायका म्हणाल्या, हौसाला पाठवा. हौसा म्हणजे मी. "तिला कायबी आवडत न्हाई. तिला आवडलं तर आमी येतो." असं ठरलं. मी नाही म्हटलं तर आंबील चिंचेखालीच राहणार, हो म्हटलं तर पुढच्या चैत्रापासून सांगलीला.

खरं सांगायचं तर मी घरातूनच हो म्हणून निघाले होते. लग्न होऊन आल्यापासून माझ्या आंबिलीची एकच खोड निघते, पातळ. सासू म्हणायची, नणंदा म्हणायच्या, आता माझी जाऊ अनशी म्हणते. ती या सुभेदाराची बायको, आणि लय चवीनं म्हणते. म्हटलं, परक्या गावात तरी कुणी चांगलं म्हणेल.

पहाटे शिजवलेली आंबील घेऊन मी, अनशी आणि सुभेदार असे तिघं बैलगाडीनं रहिमतपूर स्टेशनला आलो. स्टेशनवरचा चहा घेऊ नका, गरम पाणी असतं. रूळ रुंद केल्यापासून गाडी मात्र बरी चालते. खिडकीची जागा पाहिजे तर पुरुषमाणसाला आधी चढवा, आपण मागून ओरडायचं. भाकरी आणि ठेचा घरचा न्या.

माझी आंबील मडक्यात होती, तोंडाला नुसतं फडकं. अनशीची सुभेदारांनी दुधाच्या कॅनमध्ये भरली होती आणि झाकण गुडघ्यानं दाबून घट्ट बसवलं होतं.

"भावजी, तिला वारा लागतो," मी म्हणाले.

"वहिनी, मिल्ट्रीत शिस्त असती. थेंब सांडायचा न्हाई."

कराड गेलं, कोयना-कृष्णेचं पाणी दिसलं, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस लागला. डब्यात ऊन तापलं. ताकारीच्या पुढं कॅन गुरगुरायला लागला. सुभेदार त्याच्याकडं वाकून बघतात न बघतात तोच झाकण छताला. निम्मी आंबील सुभेदारांच्या मिशीवर, उरलेली समोरच्या म्हाताऱ्याच्या पटक्यावर. म्हाताऱ्यानं बोट लावून चाखली.

"मीठ कमी हाय गं बाई," तो अनशीला म्हणाला.

अनशी एवढी हसली की तिला ठसका लागला. रीतीप्रमाणं तिनं कॅनच्या बुडाशी उरलेली वाटीभर त्याला दिली. सुभेदार भिलवडीपर्यंत मिशी पुसत होते.

सांगली स्टेशनवर उतरलात तर टांग्याचं आधी ठरवा. आम्हाला दीड रुपया सांगितला, मी चालायला लागल्यावर एकावर आला. बाजारपेठेत शिरलं की हळदीचा वास नाकात बसतो. हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. गुळाच्या ढेपांवर माश्या आणि माश्यांवर ओरडणारे दलाल. गणपतीचं देऊळ बघण्यासारखं आहे, गार फरशीवर बसून पाय मोकळे करा. घाटावर कृष्णा संथ असते. आमच्याकडं नदी दिसायला कोस चालावं लागतं, इथं लोक तिच्याकडं पाठ करून भडंग खातात. भडंग मात्र घ्याच. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण. तिखट आहे, पण उगाच तिखट नाही.

अडत्यांचं अंगण खरंच मोठं होतं. आमचं देऊळ चिंचेसकट आत मावलं असतं. वर पत्रा, प्यायला नळ, बसायला सतरंज्या. सुभेदार पावलं टाकत माप घेत हिंडले. "हितं मडकी. हितं पाव्हणं. हितं कर्णा." मला पण पटत होतं. सावली आहे, पाणी आहे, बाईमाणसाला आडोसा आहे. हे आमच्याकडं काहीच नाही.

ऊन कलल्यावर अडत्यांनी शेजारपाजारची माणसं बोलावली. कॅन रिकामा झाल्यामुळं चाखायला फक्त माझं मडकं उरलं. म्हटलं, देवीनंच काढला तोडगा. मी वाट्या भरल्या आणि पदर खोचून उभी राहिले.

"वा," अडते म्हणाले.

"छानच झालीय हो," त्यांच्या मंडळी म्हणाल्या.

"गावाकडची चवच न्यारी," एक चष्मेवाले म्हणाले.

मी वाट बघत होते. पुढं कुणी काही बोलेना. रीत ठाऊक नसेल म्हणून मी समजावून सांगितलं, की खोड काढा, मग दुसरी वाटी.

"खोड कसली अहो," अडत्यांच्या मंडळी म्हणाल्या, "इतकं लांबून आणलंत. फारच छान." आणि वाटी खाली ठेवली. निम्मी भरलेली.

मी वाट्या बघत गेले. सगळ्या तशाच. छान म्हणायचं आणि ठेवायचं. चष्मेवाल्यांनी तर तुळशीच्या कुंडीआड ठेवली होती. आमच्या वाडीत शिव्या देतात पण मडकं पुसून घेतात.

इतक्या वर्षांनी चांगलं ऐकायला मिळालं होतं आणि माझ्या जिवाला काही गोड लागेना. अनशी माझ्याकडं बघत होती. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण परक्या घरात ती पण गप्प.

तेवढ्यात दारातून बांगडीवाली आली. हमीदाबी नाव, माझ्याच वयाची, डोक्यावर टोपली, दातात मिशेरी. अडत्यांच्या सुनांना बांगड्या भरायला आली होती. एवढी माणसं बघून म्हणाली, "काय वाटताय? मला न्हाई व्हय?"

मी वाटी दिली. तिनं उभ्या उभ्या संपवली, तळाशी बघितलं.

"पातळ हाय की गं," ती म्हणाली. "तुमच्याकडं ज्वारी पिकती का नुसता पाऊस पडतो?"

अनशीनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. "आक्का," ती म्हणाली, "मी हिला सांगितलं न्हाई हां. देवीची आन."

"तू गप बस, मीठ चोरणारे," मी म्हणाले, आणि हमीदाबीची वाटी काठोकाठ भरली. तीही तिनं रिकामी केली, वर लसूण जळका असल्याचं सांगितलं. मी तिसरी भरली. मग ती खाली बसली, माझा हात ओढून घेतला आणि काकणं चढवायला लागली. हात दाबताना म्हणाली, "हाडं काय, लाकडं हाईत नुसती. मापाची बांगडी मिळायची न्हाई तुला." सगळ्या अंगणात मला तीच एक घरची वाटली.

"हमीदाबी," मी म्हणाले, "चैत्रात आमच्या वाडीला ये. तीस-चाळीस मडकी असत्यात. समद्यांच्या खोडी काढायच्या."

"आनि बांगड्या?"

"बांगड्या बी भर. आदी खोडी."

रात्री अडत्यांकडं वरण-भात आणि तूप झालं. माणसं चांगली, आग्रह करून वाढलं. त्यांचं वाईट लिहायचं नाही मला. परक्याच्या ताटाला नावं ठेवायची नाहीत, हे त्यांना आईबापांनी शिकवलंय. आमच्या देवीला नेमकं तेच चालत नाही.

सकाळच्या गाडीनं परत निघालो. सुभेदारांनी रिकामा कॅन धुऊन घेतला होता, झाकण उघडं ठेवून.

"मग वहिनी?" कराडला ते म्हणाले. "अंगण तर लय मोठं हाय."

"हाय की. तुमचं अंगण पास. माणसं नापास."

"मंग चिंचंखाली मडकी कमी व्हत्यात त्याचं काय?"

टारगाव येईपर्यंत मी सांगलीचं भडंग संपवलं. मग म्हणाले, "जी घरं भाईर गेली, त्यास्नी तुमी सोता जाऊन बोलवा. हुकूम द्या. तेवडं येतं तुमाला." ते मिशीला पीळ देत बसले, म्हणजे पटलं होतं.

तुम्ही कुणी रहिमतपुरावर उतरणार असाल आणि हाताशी वेळ असेल, तर औंधाला यमाईच्या डोंगरावर जाऊन या. आम्हाला वेळ नव्हता. स्टेशनाबाहेर बैलगाडी उभी होती आणि वाडीत बायका पारावर येऊन बसल्या होत्या.

"जायाचं का सांगलीला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तितं चांगलं म्हंत्यात."

एकजण म्हणाली, बाई गं, आणि उठून भाकऱ्या थापायला गेली.

पुढच्या चैत्रात सुभेदार पुण्या-साताऱ्याला फिरून, बाहेर गेलेल्यांपैकी काही घरं घेऊन आले. सगळी नाही आली. हमीदाबी टोपली घेऊन आली आणि चिंचेखाली अशी काही फिरली की दोन म्हाताऱ्यांना तिच्या अंगात देवी आली असं वाटलं. जाताना टोपली रिकामी आणि पोट भरलेलं.

मी त्या वर्षी कुणाला न सांगता दोन मुठी पीठ जास्त घातलं होतं. अनशीनं पहिली वाटी घेतली, ओठ चाटले, बोट घालून ढवळली.

"आक्का," ती म्हणाली, "ही प्यायची का भिंत लिंपायची?"

मी तिची वाटी भरली.