खोकल्याचा गूळ

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन कच्चं. चौथीनंतर शाळा सुटली, म्हणून माफी असावी.

आमच्या कारखान्यात कोळशाच्या भुकटीच्या विटा पाडतात. घशातली धूळ उतरावी म्हणून शनिवारी पगारासोबत गुळाचा खडा देतात. आज माझ्यासोबत काम करणाऱ्या सखूमावशींनी तो पदराला बांधला.

"खात का नाही?" मी विचारलं.

"नातवाला नेते. त्याला काय कळतंय, कशाचा गूळ आहे ते."

मी हसले, पण मन तिथंच राहिलं. आमच्या मजुरीत हातांचे कष्ट धरतात, पाठीचे धरतात, पण खोकल्यासाठी फक्त हा एक खडा. गोड घरच्यांना जातं आणि खोकला आमच्यापाशी राहतो.

मलाही चाळणीवर, म्हणजे भुकटी चाळायच्या कामावर, फार खोकला येतो. पण लेकीच्या फीसाठी उचल घेतली होती, आणि ती फिटेपर्यंत चाळणी सोडता येत नाही, असा इथला रिवाज. दर शनिवारी पगारातून कापून घेत.

आज मुकादम म्हणाले, "तुमची उचल फिटली, बाई."

मी खाली बघून विचारलं, "मग सोमवारी चाळणीवर नाही आले तर?"

"आता तुमची मर्जी," ते म्हणाले.