कात्रीआधीचा चहा

जव्हारच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत नूरबी शिंपीण बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा प्यायला लागली, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? कुणी म्हणालं, साखर झाली. कुणी म्हणालं, या वयात बारीक व्हायचंय. बसून बसून तिचा घेर शिलाई मशीनच्या कधीच पुढे गेलाय, तेव्हा हे तरी कुणी म्हणायला नको होतं.

चहाचा डबा आणला भाच्यानं, नवेदनं. तो ठाण्याला हॉटेलात कामाला. "खाला, चायनीज चाय है. लग्नसराईत श्वास घ्यायला सवड नसते तुला. हा पी, सुकून मिळेल." गोळ्यागोळ्यांची पत्ती, गरम पाण्यात पडली की सावकाश उलगडून पान होते. सोबत कान नसलेला, मुठीत मावणारा पांढरा पेला.

शेजारची पुष्पा पहिल्याच दिवशी हजर. चायनीज म्हणजे तिला गाडीवरचं मंचुरियन ठाऊक. "भाभी, यात सॉस कधी घालायचा?" एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "हा तर पाला उकळलाय. बकरीसुद्धा तोंड लावायची नाही."

नूरबी नुसती हसली. खरं कारण तिनं नवेदलाही सांगितलं नव्हतं. तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. नवऱ्यामागे याच हातानं घर चाललं. अर्ध्या जव्हारच्या बायकांची मापं तिनं नुसत्या नजरेनं घेतली, आणि कोण किती सुटलं हे उरलेल्या अर्ध्या जव्हारला सांगितलं. आता कात्री धरण्याआधी ती पेला धरायची, दोन्ही हातांत, छातीशी. चहा हलला नाही की कापड पुढे ओढायची. हलला की दुसरा पेला. पुष्पाला कळलं तर संध्याकाळपर्यंत मोखाड्याला कळेल, मग ब्लाउज टाकायला कोण येणार?

आणि आज टेबलावर पुष्पाच्याच पोरीच्या, रविनाच्या, शालूतला ब्लाउजपीस. परवा हळद. शालूबरोबर आलेलं कापड तेवढंच. कात्री वाकडी गेली तर दुसरं मिळायचं नाही. खडूच्या रेघा पुन्हा पुन्हा पुसून नूरबीनं एकदाच्या सरळ मारल्या होत्या. पण पेल्यातला चहा काही थांबेना. किटली संपत आली.

"भाभी, कापला का?" पुष्पा आत शिरली. "पोरीनं फोन करून डोकं खाल्लंय, आणि तुम्ही चहा पीत बसलाय."

"पंखा बंद कर आधी," नूरबी म्हणाली. "वाऱ्यानं हलतोय."

पुष्पानं पंखा बंद केला. पाती थांबली. चहा हलतच राहिला. पुष्पानं पेल्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"कधीपासून?"

"रमजानपासून."

"आणि मी गावभर सांगत सुटले, भाभीनं डाएट धरलाय म्हणून."

"तेच सांगत जा," नूरबी म्हणाली आणि कात्री तिच्यापुढे सरकवली. "रेघ बरोबर आहे. मी कापड दाबून धरते. तू काप."

"मी? अहो, मला भेंडी सरळ चिरता येत नाही."

"रेघ सोडायची नाही. मी थांब म्हणाले की थांबायचं."

पुष्पानं कात्री उचलली, शालूच्या कापडाशी नेली, आणि तिचाच हात असा लटपटला की पाती एकमेकांवर वाजली. तिनं कात्री खाली ठेवली. पदरानं तळहात पुसले.

"भाभी," ती म्हणाली, "आधी तो बकरीचा पाला आणा इकडं."