दादाची कडेकोट सिक्युरिटी

माणूस जिवंत असताना त्याचे किस्से साठत नाहीत. कोण साठवणार? उद्या तो नवीन काहीतरी करणारच असतो! दादा फेब्रुवारीत गेला. ऑफिसातच, हार्टने. तेव्हापासून दर रविवारी आम्ही इथे सिडनीत, टूनगॅबीला वहिनीकडे जमतो. कुणीतरी डबा आणतं, कुणीतरी रडायला लागतं, आणि तेवढ्यात समीर म्हणतो, "ए, पण ते टिकलीचं आठवतंय का?" झालं! मग डबा तसाच गार होतो.

समीर म्हणजे दादाचा इथला सगळ्यात जुना दोस्त. आणि मी धाकटा भाऊ, दादाच्या भाषेत बारक्या. दहावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो. ब्लॅकटाउनला एका गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. दादाचं काम नेमकं काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. कंपन्यांच्या कॉम्प्युटरना कुलपं लावायचा, एवढं कळतं. घरीही तेच! दिवे, दारावरची बेल, फोटो, सगळं त्याच्या एका अकाउंटला जोडलेलं आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात.

वहिनी म्हणते, "माझ्याच घरात माझ्या मनाने एक दिवा बंद होत नाही. मी सगळं पुसून नवीन बसवणार आहे." मी म्हणतो, नको. ते पुसलं की त्यातला दादाही पुसला जाणार. यावरून आमचं चांगलंच वाजलंय.

पण आधी टिकली.

*

दादाचं म्हणणं, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीही आपल्याकडे बघत बसू शकतं. चिकटपट्टीचे डाग पडतात, म्हणून त्याने वहिनीच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक काढून कॅमेऱ्यावर लावली. एकदम फिट!

ऑफिसातला त्याचा बॉस ब्रायन. त्याला वाटलं, हे काहीतरी धार्मिक असणार, कशाला विचारा! शेवटी न राहवून एक दिवस हळूच आला. "मेट, बाहेरच्या माणसाला चालत असेल तर मला पण एक मिळेल का?"

दादाने बॅगेतलं टिकल्यांचं पाकीटच पुढे केलं. ब्रायनने लाल उचलली, मग घाबरून विचारलं, "लाल आणि काळ्यात काही फरक असतो का?"

दादा तोंड सरळ ठेवून म्हणाला, "लाल म्हणजे लॅपटॉपचं लग्न झालंय."

ब्रायनने लाल परत ठेवली आणि काळी घेतली. त्याचा घटस्फोट चालू होता!

*

इथे एक फसवणूक फार चालते. कुणाच्या तरी आईला मेसेज येतो, "मम, माझा फोन हरवला, हा नवीन नंबर, जरा पैसे पाठव." हल्ली तर म्हणे आवाजही हुबेहूब काढतात. म्हणून दादाने चिंचवडला आईला फोन करून नियम घातला. आम्ही कुणीही पैशाचं बोललो तर आधी घरातला गुप्त शब्द विचारायचा. शब्द ठरला पडवळ, कारण दादा मेला तरी पडवळ खायचा नाही.

पुढच्याच रविवारी दादाने व्हिडिओ कॉल केला. आई म्हणाली, "शब्द सांग."

"अगं, मी पैसे कुठे मागतोय? आणि चेहरा दिसतोय ना माझा?"

"चेहरे पण बनवतात म्हणे. तूच सांगितलंस."

दादाला अभिमान वाटला. दुसऱ्या खोलीत वहिनी होती, तिला ऐकू जाईल म्हणून तोंडावर हात धरून तो म्हणाला, "पडवळ."

आई खूश! "हां, आता बोल. अरे, फार छान आहे हा शब्द. भजनी मंडळात सगळ्यांना सांगितला. सुलभाताईंचा मुलगा अमेरिकेत असतो, त्यांचा अजून शब्दच ठरला नव्हता. मी म्हटलं, तोवर आमचाच वापरा!"

आमच्या सोसायटीत विरजण असंच फिरतं. दादाने फोन ठेवला आणि दुसरा शब्द शोधायला बसला.

*

गणपतीचा किस्सा मी बघितलेला. गुरुजी एरवी बँकेत नोकरी करतात आणि मंत्र टॅबलेटवर वाचतात. पूजा रंगात आली, आणि टॅबलेटचं नेट गेलं. गुरुजींनी मागे वळून विचारलं, "यजमान, वायफाय?"

दादाचा चेहरा पडला. घरात वीस पाहुणे. पासवर्ड मोठ्याने सांगायचा तर सगळे ऐकणार. लिहून द्यायचा तर कागद कुणाच्या तरी हाती लागणार.

"गुरुजी, तेवढं पाठ म्हणता नाही येणार का?"

"प्राणप्रतिष्ठेत चूक झाली तर जबाबदारी कुणाची?"

दादा पाटावरून उठला, अंगावरचं उपरणं काढून स्वतःच्या आणि गुरुजींच्या डोक्यावर घेतलं, आणि आत गुरुजींच्या कानात एक-एक अक्षर सांगायला लागला. गुरुजी प्रत्येक अक्षराला मान डोलवत होते. सगळं घर हात जोडून शांत!

समीर माझ्या कानाशी लागला. "आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. यजमान गुरुजींची मुंज लावतोय!"

*

माझ्यावरही दादाचं लक्ष. मी इथे आलो त्याच दिवशी माझ्या फोनवर लोकेशन चालू करून घेतलं. "सिक्युरिटीसाठी रे, बारक्या." मी विसरूनही गेलो.

मग एकदा गॅरेजला दांडी मारून एका मैत्रिणीबरोबर ट्रेनने वॉलाँगाँगला गेलो. समुद्र, ऊन, चिप्स, एकदम झकास! दादाने फोन केला. मी म्हणालो, "कामात आहे, गाडीखाली झोपलोय, नंतर बोलतो."

"बरं," म्हणाला. मिनिटभरात मेसेज आला. "सनस्क्रीन लाव."

मी असा भडकलो! घरी आल्यावर ओरडलो, "मला काही प्रायव्हसी आहे की नाही?" आणि त्याच्यासमोर लोकेशन बंद केलं. दुसऱ्या दिवशी मीच परत चालू केलं. अजून चालूच आहे.

*

दादा गेल्यावर मी स्वतः त्या बेलवाल्या कंपनीला फोन लावला. बाई गोड होती. म्हणाली, पासवर्ड बदलायला दादाच्या ईमेलवर कोड पाठवते. ईमेल उघडायला गेलो, तर म्हणे त्याच्या फोनवर कोड पाठवलाय. फोन उघडायला पासवर्ड. गोल गोल फिरून मी परत त्या बाईपाशी!

"भाऊ वारलाय माझा," मी म्हणालो.

"सो सॉरी. पण त्यांच्या प्रायव्हसीसाठी आम्हाला काही सांगता येत नाही. तुम्ही फक्त सगळं रिसेट करू शकता."

"त्याला आता कसली प्रायव्हसी?"

वहिनी शेजारी होती. ती इतकी हसली की फोन तिनेच घेतला. "थँक यू," ती त्या बाईला म्हणाली. "त्याला हे ऐकून फार बरं वाटलं असतं. त्याची बायको आणि भाऊ, दोघांनाही आत घेतलं नाहीत!"

पण फोन ठेवल्यावर तिने समीरला सांगितलं, येत्या रविवारी एक बारीक पिन घेऊन ये, रिसेट करू.

*

तो रविवार. आई चिंचवडहून आलेली, स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. समीर बेलचा डबा पुढ्यात घेऊन, त्याच्या छोट्या भोकापाशी पिन धरून बसलेला; पिन दाबली की सगळं पुसलं जाणार. हा डबा आतला, बोलणारा. दादाने त्यात आम्हा सगळ्यांचे चेहरे नावांसकट भरले होते. कुणी दारात उभं राहिलं की बाहेरचा कॅमेरा तोंड बघतो आणि आत डब्यातली बाई इंग्लिशमध्ये नाव सांगते.

मी मुद्दाम उशिरा निघालो होतो. मला ते बघायचंच नव्हतं. थंडी होती म्हणून वहिनीने दिलेलं दादाचं जाकीट घातलेलं. फेब्रुवारीपासून दाढी केली नव्हती, आणि अंगानेही उतरलोय. दारात जाऊन बेल दाबली.

आत ती बाई म्हणाली, "निखिल इज ॲट द फ्रंट डोअर."

निखिल माझ्या दादाचं नाव.

मला बाहेर काहीच ऐकू आलं नाही. दार उघडलं तर समोर वहिनी, तोंडावर हात. मागे समीर, पिन तशीच हवेत. मला वाटलं आता कुणाचं काय झालं! वहिनीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भिंतीला टेकून हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी, पण हसतेय!

"अख्ख्या सिडनीची सिक्युरिटी करत होता," ती म्हणाली, "आणि त्याच्याच दाराला त्याचा भाऊ ओळखता येत नाही!"

समीरने तिला विचारलं, "मग? रिसेट?"

वहिनीने त्याच्या हातातली पिन काढून घेतली.

तेवढ्यात आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चिमणीचा पंखा चालू होता रे, मला नाव नीट ऐकू आलं नाही. बारक्या, तू जा बरं परत बाहेर."

मी बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.