पळसाचे द्रोण

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, सगळं संध्याकाळपर्यंत सांगून मी मोकळी होते. पण हे एक राहिलं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा याचा उच्चार केला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

परभणीच्या बाहेर एका खाजगी विद्यापीठात मी खरेदी विभागात आहे. टेबल, ट्यूबलाइट, झाडू, फिनेल — येणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या नजरेखालून जाते. लोकांना वाटतं विद्यापीठ प्राध्यापक चालवतात. वाटू द्या. फिनेल संपलं की कळतं कोण चालवतं ते.

एका वर्षी वरून ठरलं, आता पर्यावरणपूरक खरेदी करायची. फाटकावर हिरवी पाटी लागली. मेसमधल्या थर्माकोलच्या ताटल्या बंद, जवळच्या गावांतल्या बचत गटांकडून माल घ्यायचा. भाषणं झाली — प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पीत पीत झाली. मी मनात हसले. पण खोटं कशाला बोलू, मला ते धोरण आवडलं होतं. आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळीवर व्हायच्या, आमटी द्रोणात. नमुने मागवायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी खुशीत होते.

ताडकळसहून कुसुम आली. बचत गटाची अध्यक्ष, साधारण माझ्याच वयाची, बोलायला खणखणीत. तिची आई तिच्याजवळच राहायची. जन्मभर पत्रावळी शिवत आलेली म्हातारी, गटातल्या सगळ्या बायांना तिनंच शिकवलेलं. कुसुमनं द्रोण टेबलावर मांडले. इतके सुबक, की काडी कुठं टोचली आहे ते शोधावं लागावं. आमच्या घरी महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. म्हटलं यातले थोडे घरी न्यावेत. चहा मागवला. गप्पा रंगल्या. आणि गप्पांच्या ओघात मी विचारलं — ताडकळसला कुणीकडं राहता?

हा प्रश्न तुम्हीही कधी विचारला असेल. किंवा तुम्हाला कुणी विचारला असेल. आपल्याकडचा माणूस गावाच्या नावावर थांबतो का? कुणीकडं, हे विचारतो, आणि त्याला जे हवं असतं ते त्याला कळतं. कुसुम सरळ म्हणाली, "विहाराच्या मागं, ताई. तिथंच आमचं शेड हाय."

म्हणजे बौद्ध वस्ती. आणि मी जमीनवाल्या घरातली. मी हसून मान हलवली, चहा संपवला, तिला दारापर्यंत सोडायलाही गेले. द्रोण घरी नेले नाहीत.

तेवढंच असतं तर — पण तेवढं तरी काय कमी होतं?

चाचणी मीच घेतली. कॅन्टीनमधून उकळती आमटी आणली, द्रोणात ओतली, खाली वर्तमानपत्र घातलं आणि जेवणाच्या सुट्टीपासून ऑफिस सुटेपर्यंत तसंच ठेवलं. नंतर द्रोण उचलून कागदावर बोट फिरवलं. कोरडा होता.

मग खरेदी समितीची बैठक झाली. एका वयस्कर सरांनी द्रोण हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, कोण बनवतं हे? एवढंच. गट की कारखाना, इतकंच त्यांना विचारायचं असेल. पण चोराच्या मनात चांदणं! मला त्यात वेगळंच ऐकू आलं. डोळ्यांपुढं विद्यापीठातल्या गणपतीचा भंडारा आला, भरली पंगत, कुणीतरी पानावरून उठलेलं, आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडं — या बाईनं आणले हे. खरंच कुणी उठलं असतं का? आजकालची पोरं असलं विचारतात तरी का? मला माहीत नाही. मी ते कळायची वेळच येऊ दिली नाही. मी म्हणाले —

बघा, इथपर्यंत येते आणि थांबते.

मी म्हणाले, गळतात, सर.

बैठक पुढच्या विषयाकडं गेली. नंतर आम्ही कागदी ताटल्या आणि वाट्या घेतल्या, लांबच्या शहरातून ट्रकनं येणाऱ्या. आतून प्लास्टिकचा पातळ थर, बाहेरून हिरवं पान छापलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होते, की मी समितीच्या मनातलं ओळखलं, नोकरी करायची तर असं ओळखावं लागतं. समितीच्या मनात काय होतं, देव जाणे. माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे.

कुसुमला फोन करून सांगितलं, नमुना गळाला. ती भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. पण तिनं विश्वास ठेवला. म्हणाली, "आसं कसं झालं, ताई? थांबा, बघते मी. दुसरे आनून देते."

आणि आणून दिले. एसटीच्या गर्दीत पिशवी मांडीवर धरून, द्रोण चेपू नयेत म्हणून. या खेपेला दुहेरी पानं लावली होती. मी ठेवून घेतले, काही दिवसांनी सांगितलं, अजून थोडं राहतंय. ती पुन्हा आली. काड्या बदलल्या होत्या, दाबायचं मशीन जास्त तापवून पाहिलं होतं. नसलेला दोष ती शोधत होती, आणि मी तिला शोधू देत होते. एकदाचं तोडून का नाही टाकलं? समिती नाही म्हणते, एवढं सांगायला काय जात होतं? पण मग ती विचारणार, का? आणि "थोडं राहतंय" म्हटलं की कुणी का विचारत नाही.

शेवटच्या खेपेला ती बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "कारन सापडलं, ताई. मायच्या हातात आता दम ऱ्हायला न्हाई. तिची शिवन सैल पडायली. म्हनलं, माय, तू आता नको बसू शिवायला. लय रडली. पर तिच्यापायी समद्यांचा माल नापास व्हायलाय, काय करावं?"

मी काय केलं असेल? समोरचा पेपरवेट इकडचा तिकडं सरकवला. मग म्हणाले, यंदाचं वर्ष संपलं, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी काही बघितलं नाही. ती आली नाही, मी बोलावलं नाही. धोरण मात्र अजून आहे, फाटकावरची पाटीही आहे. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

अजूनही कुठल्या लग्नात पुढ्यात द्रोण आला, की माझं बोट आपोआप त्याच्याखाली जातं. शेजारची बाई बघते. सांडलं का काही? नाही, काही नाही. मला तेव्हा जेवण जात नाही. पोट बिघडलंय असं सांगून मी उठते. आणि मग आठवतं, पंगतीतून कुणी उठेल याचीच मला तेव्हा भीती वाटली होती.

यंदा उन्हाळ्यात एका नातेवाइकाकडं ताडकळसला गेले होते. परतताना बसची वाट बघत उभी होते, तर मागून हाक आली. कुसुम. केस पिकलेले, आवाज तोच. पत्रावळीचं काम बंद झालं, आता मिरची कांडायची चक्की टाकली, बरं चाललंय, म्हणाली. मी आईचं विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"माय गेली की, ताई. शेवटी शेवटी येडच लागलं व्हतं तिला. एकटीच द्रोन शिवायची, पानी भरून म्होरं ठिवायची, आन् दिसभर बघत बसायची. एक बी गळला न्हाई. मंग म्हनायची, विद्यापीठाचं पानीच येगळं आसंल."

ती हसली, गेलेल्या माणसाच्या आठवणीनं हसतात तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आसतं का वो तसं?"

इथं सांगता आलं असतं. बस आली नव्हती. जवळपास कुणी नव्हतं — ना समिती, ना सर. नोकरीलाही आता कसला धोका नव्हता. ती तोंडाकडं बघत होती.

मी म्हणाले, असतं. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. जड असतं ते.

कुसुम हळूच म्हणाली, "म्हंजी मायची शिवन बरूबर व्हती. आन् मी तिला उठीवलं."

बस आली. माझी पिशवी तिनंच वर चढवून दिली. मी खिडकीतून तिला हात केला.