डाव्या बाजूचा दिवा

“किल्ली दे, आई.”

“नाही देत.”

“हे शेवटचं मागतोय.”

“बरं झालं. म्हणजे पुन्हा मागणार नाहीस!”

अंगणात आमचं हे अर्धा तास चाललं होतं. शिरीष, माझा मुलगा, सकाळीच पुण्याहून आला. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी त्यानं माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या बाजूच्या फुटक्या दिव्यापाशी थांबला. “हे कसं झालं?” मी तोंड उघडायच्या आत शेजारची हौसाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, “आमच्या गंगीनं धडक दिली, बाबा. लई आगाऊ म्हस हाय ती.”

मी चहाचा कप पुढे केला. शिरीषनं किल्लीसाठी हात पुढे केला तो केलाच. “तुझं वय एकाहत्तर, गाडी माझ्या वयाची, आता पुरे झालं, विकून टाकू, किल्ली दे!”

या भांडणाचं काय झालं ते शेवटी सांगते. सायकल असो की गाडी, खोलून पुन्हा जोडली की एखादा नट उरतोच. तो कुठला ते कळत नाही आणि टाकवतही नाही. असे नट मी बिस्किटाच्या एका डब्यात ठेवते. किस्सेही तसेच साठतात. डबा आता एका हातानं उचलत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही दमले आहे. लोक म्हणतात, मास्तरीणबाईंना केवढी हौस! हौस म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी नखातलं ग्रीस रॉकेलनं काढायचं आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच सापडायचं.

*

मी लग्न होऊन काष्टीत आले तेव्हा चौथी शिकलेली होते. मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत शिकवायचे, पण मला सायकल त्यांनी शिकवली नाही. ते दुपारी झोपले की मी त्यांची सायकल काढायची. नळीच्या खालून पाय घालून, नऊवारीत, बाजारतळावर. पंधरा दिवसांत चालवता यायला लागली. उतरता मात्र येईना!

मग मी युक्ती काढली. सायकल ओट्याला लावायची आणि ओट्यावर पाय टेकायचा. त्यामुळे वर्षभर मी फक्त ओटा असलेल्या ठिकाणीच जात होते. पिठाची गिरणी, पोस्ट, मारुतीचं देऊळ. माझी मावशी गावातच राहायची. तिनं एकदा भरबाजारात मला अडवलं. म्हणाली, “सगळीकडे हिंडतेस, माझ्याच दारावरनं तेवढी सरळ निघून जातेस. माझं काय चुकलं?”

मी म्हटलं, “मावशी, आधी दाराशी ओटा बांध!”

*

पहिल्यांदा सायकल पूर्ण खोलली ती मास्तरांचीच. दुसऱ्या दिवशी शाळेत साहेबांची तपासणी होती आणि सायकल कुरकुरत होती, म्हणून मी हात घातला. सगळं धुतलं, तेल दिलं, जोडलं. एक नट उरला. सायकल चालत होती, मग सांगायचं कशाला?

मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गेले. कालव्याच्या उताराला हँडल त्यांच्या हातात राहिलं आणि चाक आपल्या वाटेनं गेलं. साहेबांपुढे उभे राहिले ते कोपरापर्यंत चिखलात. साहेबांनी विचारलं, “हे काय?” मास्तर म्हणाले, “घरचं काम.”

संध्याकाळी घरी आले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी हातपाय धुतले, जेवले, सुपारी कातरली. मग शांतपणे म्हणाले, “यापुढे काही उरलं, तर आदल्या दिवशी सांगत जा.”

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. अजूनही नट उरला की मी घरात मोठ्यानं सांगते.

*

गाडी घेतली ती मास्तरांच्या निवृत्तीनंतर. दौंडच्या एका डॉक्टरांच्या शेडमध्ये कोंबड्या बसायच्या तिच्यात. गिअर स्टिअरिंगपाशी, पुढची सीट सलग बाकासारखी. मी मेकॅनिककडे जाऊन बसायची, तो काय करतो ते बघायची, घरी येऊन तेच करायची. आठ महिन्यांनी ती सुरू झाली. तेव्हा अंड्यांवरची एक कोंबडी मागच्या सीटवरून ओरडत बाहेर पडली!

मग लायसन्स. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न. नगरला टेस्ट घेणारे साहेब माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी माझ्या मागे बघितलं, पुढे बघितलं. “आजी, टेस्ट कुणाची आहे?”

“माझी.”

“बरोबर कोण आहे?”

“मास्तर आहेत. पण त्यांना येत नाही.”

साहेब हसू दाबत म्हणाले, “बरं, आठचा आकार काढून दाखवा.” मैदानावर मी आठ काढला. पुढे जाऊन एक, रिव्हर्सनं एक. खाली उतरून विचारलं, “नऊ काढू का? तोही येतो.”

*

या गाडीचा स्टार्टर कधीच धड नव्हता. म्हणून मी गाडी उतारावरच लावते. ब्रेक सोडायचा, घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की उठली! पण काष्टीसारख्या सपाट गावात उतार किती? मला सगळे पाठ आहेत. बँकेपुढे निम्मा, दवाखान्यामागे चांगला, शाळेपाशी नावापुरता.

आता गावालाही पाठ झालेत. लग्नाची पत्रिका द्यायला येतात तेव्हा सोयरे वेळ सांगतात, मुहूर्त सांगतात आणि उठता उठता म्हणतात, “मास्तरीणबाई, मांडवामागचा उतार तुमच्यासाठी राखलाय हं!”

एकदा एका नव्या जावयानं त्या जागेवर आपली चकचकीत मोठी गाडी लावली. नवरीचा बाप हळद सोडून धावत आला. “जावईबापू, गाडी काढा. तिथं उतार हाय.”

जावई म्हणाला, “मग? माझा हँडब्रेक चांगला आहे.”

“तुमचा स्टार्टरबी चांगला हाय, म्हनूनच सांगतोय!”

*

कारखान्याचा हंगाम लागला की आमचा रस्ता उसाचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, पुढे गाणी एवढी मोठी की पाठीमागचा हॉर्न ऐकू येऊ नये, आणि मागे दिवा म्हणून काही नाही. दिवस मावळताना असल्या ट्रेलरच्या पाठीत माणसं घुसतात. आमच्या गल्लीतलंही एक गेलं.

म्हणून मी डिकीत लाल रिफ्लेक्टर आणि सुतळी ठेवते. परवाच्या हंगामात एकाला ओव्हरटेक करून गाडी आडवी घातली आणि मागच्या ट्रेलरला रिफ्लेक्टर बांधायला लागले. ड्रायव्हर उडी मारून आला.

“ए म्हातारे, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?”

“नाही रे,” मी म्हटलं, “पण मागून येणारा कुणाचा तरी बाप असंल.”

त्यानं ट्रेलरच्या मागे वाकून बघितलं. मग सुतळीचं दुसरं टोक त्यानं धरलं.

सगळेच असे धरत नाहीत. त्या हंगामात दहा शिव्या खाल्ल्या आणि चार रिफ्लेक्टर लोकांनी काढून फेकलेले परत वेचून आणले. कंटाळा येतो.

*

रविवारी सकाळी पुण्याकडून सायकलवाले येतात. घट्ट कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फाकीसारखं हेल्मेट. एकदा असे चौघे माझ्या दारात थांबले. एकाचं चाक बसलं होतं आणि चौघांत मिळून पंक्चर काढता कुणालाच येत नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघत होते!

मी परात आणली, पाणी घातलं, ट्यूब बुडवली, बुडबुडा दाखवला. दहा मिनिटांचं काम. तोवर एक जण माझी सायकल उचलून बघत होता.

“बापरे, आजी, ही वीस किलोची असेल! माझी फक्त आठ किलोची.”

“असू दे,” मी म्हटलं. “माझी दळण आणते. तुझी काय आणते?”

त्यानं माझी सायकल खाली ठेवली. त्याचा मित्र म्हणाला, “आम्हाला आणते ना, इथपर्यंत.”

“ते बघतेच आहे मी. आठ किलोच्या सायकलीला सांभाळायला चार माणसं!”

*

आता हौसा. हौसाबाई माझी शेजारीण, माझ्याच वयाची. नवरा लवकर गेला. एक म्हैस, तिचं दूध, त्यावर तिची चूल. गाडीत डाव्या बाजूला मास्तर बसायचे, त्यांच्यानंतर ती बसते. माझ्या गाडीला डाव्या बाजूचा आरसा नाही, म्हणून डावीकडचं काय ते हौसानं ओरडून सांगायचं अशी आमची पद्धत आहे. “शेळी!” “खड्डा!” “पोरगं पळतंय!” उजवीकडचं माझं, डावीकडचं तिचं.

अडचण एकच. तिला दिसतं ते सगळं ती सांगते. “डावीकडं पाटलांची धाकली सून! नवं लुगडं!”

मी वैतागले. “हौसा, फक्त आडवं येतंय तेवढंच सांग.”

“अगं, ती आडवीच हाय, साऱ्या घराला!”

गेली दोन वर्षं मी हौसाशिवाय गाडी काढलेली नाही. मागच्या सोमवारी तेवढी एकटी गेले. गंगी पहाटेपासून व्यायला झाली होती आणि हौसा गोठ्यातून हलायला तयार नव्हती.

*

तर, अंगण. शिरीषचा हात पुढे, आणि किल्ली माझ्या कनवटीला.

“आई, लायसन्सची मुदत संपत आलीय. डॉक्टरचा दाखला आणलास?”

“वेळ झाला नाही.”

“डोळे तपासलेस?”

“सुईत दोरा ओवते मी अजून!”

कुंपणापलीकडे हौसा उगाचच खोकली.

“आई, मी पुण्यात असतो. रोज फोन वाजला की छातीत धस्स होतं माझ्या.”

“मग फोनची रिंग बदल. मी या गाडीतून तुला दौंडला ट्रेनला सोडलंय, तुझ्या बापाला दवाखान्यात नेलंय. हिला कधी कुठं ओरखडा गेला का?”

“मग हा दिवा?”

“म्हस, बाबा,” हौसा पटकन म्हणाली. “माझी म्हस आडवी आली. मास्तरीणबाईंचा काय गुन्हा?”

शिरीषनं पुन्हा एकदा खाली वाकून दिवा बघितला. उठला. हळूहळू त्याचा हात खाली आला. माझ्या लेकाचं असं आहे, त्याला कारण पटलं की तो हट्ट सोडतो. बापावर गेलाय.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “जनावर आडवं आलं तर कुणाच्याही हातून होतं. राहू दे गाडी.”

मी जिंकले होते. किल्ली कनवटीलाच होती.

पण तो हौसाकडे वळला. “पण मावशी, तुम्ही म्हैस अशी मोकाट सोडताच कशी? आज दिव्यावर निभावलं. उद्या आईच्या जिवावर बेतलं असतं तर?”

“चुकलं, बाबा.”

“चुकलं म्हणून भागत नाही. ती पुन्हा रस्त्यावर यायला नको.”

हौसानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला.

“न्हाई यायची. शनवारी बाजारला नेऊन इकून टाकते. मग तर झालं? पर हिची किल्ली काढू नगंस. ती गाडीबिगर जगायची न्हाई.”

एवढं बोलून ती गोठ्याकडे वळली. दावणीला गंगी रवंथ करत उभी होती आणि तिच्या पोटाखाली सहा दिवसांचं रेडकू ढुशा देत होतं. हौसा दाव्याची गाठ चाचपायला लागली, जसा काही बाजार आत्ताच होता.

मी कनवटीची किल्ली काढली. बॉनेटवर ठेवली. पितळेची आहे, तिचा आवाज जरा मोठाच होतो. हौसानं मान वळवली, शिरीषनंही.

“शिरीष,” मी म्हटलं, “म्हैस नव्हतीच. विजेचा खांब होता, आणि तो मला दिसला नाही.”